चॉकलेट सिरिअल: हिवाळा ते पावसाळा वापरून झालं, आता सांगतो

आधी निकाल सांगून टाकतो, खाली बरंच लांबलंय. चव मस्त, नाश्ता म्हणून फेल, संध्याकाळी चार वाजताचा खाऊ म्हणून पास. थंडीत बायकोने ऑफर बघून नवीन आलेला पुडा उचलला आणि तेव्हापासून घरात एक ना एक पुडा उघडा असतेच. ब्रँडचं नाव टाकत नाही, कारण मागे जे छापलंय ते दुकानातल्या बहुतेक चॉकलेटवाल्या पुड्यांवर थोड्याफार फरकाने सारखंच दिसते.

चव म्हणजे चॉकलेट कमी आणि कोकोवालं बिस्कीट जास्त. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, तर आमच्या पुड्यावर आधी गव्हाचं पीठ, लगेच मागे साखर, आणि कोको बिचारा बराच खाली. तरी वास असा सुटते की सकाळी उठायला कुरकुर करणारी पोरगी पुड्याचा आवाज ऐकून स्वतःहून येऊन बसते, हे मान्य करावंच लागेल.

आता दूध. आपल्याकडे दूध तापवल्याशिवाय प्यायची सवय नाही, आणि गरम दुधात हे टाकलं की दोन मिनिटांत लगदा. केलॉग्ज भारतात आलं १९९४ मध्ये, तेव्हाही आपल्या लोकांनी कॉर्नफ्लेक्स गरम दुधातच टाकले होते, आणि आमच्या आईचं अजून तेच चालू आहे. तर तापवून फ्रीजमध्ये ठेवलेलं दूध घ्या, साय नीट काढून, नाहीतर म्हशीच्या दुधाची साय प्रत्येक चमच्यात येते अन् पोरं वाटी सरकवून देतात. थंड दुधात मात्र हे साध्या कॉर्नफ्लेक्सपेक्षा जास्त वेळ कुरकुरीत राहते, कारण वरचा साखरेचा थर दुधाला लवकर आत शिरू देत नाही. आणि खाली उरलेलं चॉकलेटी दूध हा खरा माल, आमची पोरगी त्याच्यासाठीच बाकीचं संपवते असा माझा संशय आहे.

नागपूरवाल्यांसाठी मेन मुद्दा म्हणजे सादळणं. पावसाळ्यात सादळणार हे कोणीही सांगेल, पण मे महिन्यात? बाहेर ४५ डिग्री, हवा इतकी कोरडी की कपडे वाळायला अर्धा तास पुरते, तरी आमचे दाणे सादळले. मग लक्षात आलं की पुडा हॉलमध्ये कूलरसमोरच्या टेबलावर असते. कूलर म्हणजे खोलीत सरळ ओल सोडणं, आणि हे दाणे मशीनमध्ये दाबाखाली फुगवलेले, आतून जाळीदार, ते ओल ओढणारच. पुडा किचनमध्ये हलवला, जिथं कूलरची हवा पोचत नाही, आणि उन्हाळा निघून गेला आरामात. बरण्या, रबरबँड, कपड्याचे चिमटे सगळं करून पाहिलं, त्यात घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा बेस्ट, कंपनीची ती चिकटपट्टी चार वेळा उघडली की संपली. सादळलेले दाणे तव्यावर मंद आचेवर परतले तर परत कुरकुरीत होतात, फक्त हात थांबवायचा नाही, साखर आहे, करपायला वेळ लागत नाही.

आता नाश्ता का नाही ते. आमच्या पुड्यावर १०० ग्रॅमला साखर तीसेक ग्रॅम आहे आणि सर्व्हिंग लिहिलंय ३० ग्रॅम. ३० ग्रॅम कोण खाते बाप्पा? काट्यावर ठेवून पाहिलं, पोरीची नेहमीची वाटी साठच्या आसपास भरते, म्हणजे १८ ग्रॅम साखर सकाळीच. डब्ल्यूएचओच्या २०१५ च्या गाइडलाइननुसार वरून घातलेली साखर मोठ्या माणसानेही दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, मग पोरांचं तुम्हीच बघा. आणि एवढं खाऊन मी ऑफिसात साडेदहालाच डबा उघडायचा विचार करून राहिलो असतो. कस्तुरचंद पार्कापाशी एक प्लेट तर्री पोहे हाणले तर दीडपर्यंत जेवणाची आठवण येत नाही, कारण त्या तर्रीत चणे असतात, नुसतं पीठ अन् साखर नाही. तर्रीतलं तेल रोज झेपणारं नाही तो भाग वेगळा.

पुड्यावर मोठ्या अक्षरात ‘आयर्न’ लिहिलेलं असते त्याबद्दल थोडं. लोह वरून घातलेलं असते हे खरं, पण दुधातलं कॅल्शियम ते अंगी लागू देण्यात आडवं येते आणि व्हिटॅमिन सी मदत करते. त्यामुळे मृग बहाराचा संत्रा बाजारात होता तोवर आम्ही कोरडे दाणे आणि सोबत संत्र्याच्या फोडी असं पोरीला द्यायचो. तिला आवडायचं पण, दुधाची कटकटच नाही.

आईने तर पुड्याच्या तळाचा चुरा शेंगदाणे, डाळ्या अन् मुरमुऱ्यात मिसळून गोडसर चिवडा केला. मला नाही जमला, तिखट-मीठ नाही तर चिवडा कशाला, पण पोट्ट्यांनी डबा रिकामा केला.

सध्या पावसाळाभर छोटाच पुडा आणतो, चार दिवसांत संपेल असा. मोठा आता दिवाळीनंतर, तोही ऑफर असेल तर.