नाताळच्या फराळासाठी काटा: 30 किलोचा की 10 किलोचा?

इंदुरातल्या ज्या ख्रिस्ती घरांतून डिसेंबरात प्लम केक, करंज्या, चकल्या, शेव विकायला जातात, त्यांच्यासाठी हे परीक्षण आहे. बाजारात काटा मागितला की बहुतेक वेळा समोर येतो 30 किलोचा, 5 ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवणारा टेबल काटा. दुसरा पर्याय 10 किलोचा, 1 ग्रॅमच्या टप्प्याचा. निकाल आधीच सांगतो: दहा किलोचा घ्या, आणि एकच घ्या.

नीतिसूत्रे 11:1 मध्ये खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट आहे असं म्हटलंय. ते वचन लबाडांसाठी आहे असं समजून आपण पुढे जातो. पण सरकारी पडताळणीचा शिक्का असलेला, अगदी खरा काटासुद्धा कमी वजन देऊ शकतो. 5 ग्रॅमच्या काट्यावर 247.5 ग्रॅमच्या जरा पुढे गेलं की आकडा 250 होतो. पाकीट भरणारा हात नेहमी खालून वर जातो आणि 250 दिसताच थांबतो. म्हणजे प्रत्येक पाकीट दोन-अडीच ग्रॅमने कमी भरण्याकडे कल राहतो. शंभर पाकिटांत साधारण एक अख्खं पाकीट घरातच उरतं. यात कुणी लबाडी केलेली नसते, तरी ग्राहकाचं ग्राहकाला मिळालेलं नसतं. 1 ग्रॅमच्या काट्यावर हीच चूक अर्ध्या ग्रॅमवर येते. मोठाच काटा घरात असेल तर 250 दिसल्यावर थांबू नका. 255 होईपर्यंत घाला, मग भरा.

विकत घेताना काट्यावरची पट्टी वाचा. तिच्यावर कमाल वजन, किमान वजन आणि ‘ई’ हा पडताळणीचा टप्पा छापलेला असतो. दुकानात चालणाऱ्या, अचूकतेच्या तिसऱ्या वर्गातल्या काट्यांचं किमान वजन ‘ई’च्या वीसपट असतं. म्हणून 5 ग्रॅम ‘ई’ असलेल्या 30 किलोच्या काट्यावर 100 ग्रॅमच्या खाली काही तोलायचंच नाही. काजू-बेदाण्याची 50 ग्रॅमची पुडी त्यावर केली तर तो आकडा भरवशाचा नाही. 10 किलोच्या काट्यावर हीच मर्यादा 20 ग्रॅम आहे. आणि ऑनलाइन स्वस्तात मिळणारा पांढरा प्लास्टिकचा किचन स्केल? तो घरात मैदा मोजायला ठीक. विक्रीसाठी त्याला मान्यता नसते, त्यावर शिक्का बसत नाही. त्यावर तोलून पैसे घेऊ नयेत.

रोजचा वापर असा. सपाट, न हलणाऱ्या ओट्यावर ठेवून काट्याचे पाय फिरवा आणि पातळी दाखवणारा बुडबुडा वर्तुळात आणा. चालू करून पंधरा-वीस मिनिटं तापू द्या. पंखा बंद करा, नाहीतर शेवटचा आकडा नाचत राहतो. शिक्क्याचं 1 किलोचं लोखंडी वजन मध्ये ठेवून पाहा, मग चारही कोपऱ्यांवर. एखाद्या कोपऱ्यावर वेगळा आकडा आला तर काटा दुरुस्तीला. बॅटरी उतरली की काही काटे बंद पडण्याआधी चुकीचं दाखवू लागतात, म्हणून खूण दिसताच चार्जिंगला लावा. आणखी एक खोड: शून्याजवळ चिमूट-चिमूट टाकलेलं काटा ‘शून्यच आहे’ असं समजून गिळतो. वेलदोड्यासारख्या वस्तू आधी वाटीत घेऊन एकदम ठेवा.

डब्याचं वजन टेअर बटण दाबून काढूनच तोलायचं. मिठाईच्या भावात पुठ्ठा विकणं सवयीचं झालंय म्हणून ते योग्य ठरत नाही. कायद्यानेही वजन आतल्या मालाचंच धरायचं असतं. केकचं पाणी दिवसागणिक उडतं, म्हणून पूर्ण गार झाल्यावर तोला आणि पाच-सहा दिवस राहणार असेल तर 500 ग्रॅमच्या केकमागे थोडा जास्त ठेवा.

इंदुरात काटा घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट. काटा खरं तर गुरुत्वाकर्षणाचा ओढा मोजतो, आणि तो गावागणिक थोडा बदलतो. दिल्लीकडे जुळवलेला काटा इथे 10 किलोमागे पाचेक ग्रॅम कमी दाखवेल, बंगळुरूकडचा पाच-सहा ग्रॅम जास्त दाखवेल. म्हणून पेटीतून काढून थेट वापरू नका, इथेच जुळवून शिक्का मारून घ्या. सरकारच्या नापतौल (वजनमाप) विभागाची पडताळणी इलेक्ट्रॉनिक काट्याला दर 12 महिन्यांनी लागते. प्रमाणपत्र ग्राहकाला दिसेल असं लावायचं असतं. कायदा वापरातल्या काट्याला थोडी चूक माफ करतो, 10 किलोच्या काट्याला पूर्ण भारावर 3 ग्रॅमपर्यंत. ती सवलत यंत्राला आहे. आपला हात तिच्यात बसवू नये.

एकच काटा का? अनुवाद 25:13 पिशवीत एक जड आणि एक हलकं अशी दोन वजनं ठेवायला मनाई करतं. सियागंजच्या घाऊक बाजारातून आणलेला माल मोठ्या काट्यावर आणि विक्री छोट्यावर, यात फरक असला तर तीच दोन वजनं झाली. दोन काटे लागतच असतील तर आठवड्यातून एकदा तेच 2 किलो दोन्हींवर ठेवून ताळा घ्या.

काटा चुकीचा होता असं उशिरा कळलं तर? लेवीय 6:5 मध्ये मूळ रकमेवर पाचवा हिस्सा जास्त देऊन परतफेड सांगितली आहे, लूकच्या शुभवर्तमानातल्या जकातदार जक्कयाने चौपट कबूल केली. ओळखीच्या ग्राहकाला फोन करून कारण सांगा आणि पुढच्या खरेदीची वाट न पाहता माल द्या. ग्राहक सापडत नसेल तर गणना 5:8 प्रमाणे ती रक्कम देवाच्या कामाला जाते. मंडळीच्या गरीब-निधीत ती भरा, पण नेहमीच्या दानात मिसळू नका. हे देणं होतं, दान नव्हे.

दुरुस्तीत सील तुटलं की फेरपडताळणी होईपर्यंत त्या काट्यावर विक्री बंद. नाताळच्या आठवड्यात हे झालं तर शेजारच्या दुकानाचा शिक्क्याचा काटा मागून घ्या. म्हणून पडताळणी नोव्हेंबरातच उरका.