एसी क्लच पुलर संच: आठ महिने वापरून झाल्यावर

गाडी सुरू केली की पहिली पंचवीस-तीस मिनिटं एसी छान गार हवा द्यायचा. मग हवा कोमट व्हायची, आणि थोड्या वेळाने नुसता पंख्याचा वारा. गाडी तासभर बंद ठेवली की परत ठणठणीत. बाबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. परतताना ते इतके गळून गेलेले असतात की त्यांना तापलेल्या गाडीत बसवताना माझा जीव कासावीस होतो.

एका वर्कशॉपमध्ये दाखवलं. बॉनेट उघडलं आणि दोन मिनिटांत निकाल लागला: कंप्रेसर गेला, आख्खा बदला. ना मीटर लावलं, ना गॅसचं प्रेशर बघितलं. मी मोटार वाइंडिंगचं काम करते. थंड असताना चालतं आणि तापल्यावर बंद पडतं, हे दुखणं माझ्या टेबलावर रोज येतं, त्यामुळे मला ते पटेना.

कंप्रेसरच्या तोंडाशी पट्ट्यावर फिरणारी पुली असते. इंजिन चालू असेपर्यंत ती बेअरिंगवर फिरतच असते. पुलीच्या मागे कॉइल आणि पुढे कंप्रेसरच्या शाफ्टला बसवलेली क्लच प्लेट. एसी लावला की कॉइलमध्ये करंट जातो, चुंबक तयार होतं, प्लेट खाडकन पुलीला चिकटते आणि शाफ्ट फिरायला लागतो. प्लेट आणि पुली यांच्यात कागदाच्या चार-सहा पानांएवढी फट असते. वर्षानुवर्षं घासून ती वाढते. तिकडे तांब्याची तार तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, अंशाला साधारण 0.4 टक्के. म्हणजे इंजिनशेजारच्या उष्णतेत करंट कमी, ओढ कमी, आणि ओलांडायची फट मात्र वाढलेली. थंड कॉइल कशीबशी ओढते, तापलेली हरते.

हे नुसतं डोक्यात होतं, म्हणून मोजलं. थंड कॉइल 3.6 ओहम. गाडी फिरवून आणून, एसी बंद पडल्यावर लगेच मोजली तर 4.6. इंजिन चालू ठेवून कॉइलच्या कनेक्टरवर 13.8 व्होल्ट पूर्ण येत होते. ही तपासणी कुणीही गाळू नये. गॅस कमी असला की प्रेशर स्विच करंट तोडतो. फ्यूज, रिले, कूलिंग कॉइलजवळचा सेन्सर यांतलं काहीही बिघडलं तरी क्लचपर्यंत वीज पोचत नाही, आणि मग क्लच खोलून हाती काहीच लागत नाही. माझ्याकडे वीज पोचत होती, तरी प्लेट हलत नव्हती. मग इंजिन बंद केलं, बॅटरीवरून कॉइलला थेट तार दिली आणि लाकडी दांडीने प्लेट हलकेच आत ढकलली. टक्क! चिकटली आणि चिकटून राहिली. कॉइल जिवंत होती, फट तेवढी जास्त होती.

फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचं फट मोजायचं साधन) मोजली तर 0.95 मिलिमीटर. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये 0.35 ते 0.65 दिली आहे. प्रत्येक कंप्रेसरचा आकडा वेगळा असतो, तेव्हा आपापलं मॅन्युअल बघावं.

तेव्हा हा संच मागवला. प्लेट धरायचा पाना, प्लेट ओढायचे तीन बोल्ट, पुली काढायचा जबड्यांचा पुलर, कॉइल बसवायची चकती, सर्क्लिप (पुली जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) काढायचा प्लायर आणि एक फीलर गेज.

प्लेट धरायचा पाना मनापासून आवडला. दोन खुंट्या प्लेटच्या भोकांत बसवल्या की शाफ्ट जागचा हलत नाही आणि मधला बोल्ट शांतपणे सुटतो. हा पाना नसला की लोक स्क्रू ड्रायव्हर अडकवतात आणि प्लेटच्या पात्याच्या स्प्रिंगा वाकवून ठेवतात. बोल्ट निघाल्यावर माझी प्लेट गंजाने धरून बसली होती. पुलरचा बोल्ट प्लेटच्या आतल्या आट्यांत पाऊण फेरा फिरवला आणि ती सुटली. आटे स्वच्छ कापलेले आहेत, पोलादही चांगलं आहे. इथे हातोडी चालवली तर शाफ्टच्या सीलला धक्का बसतो आणि मग खरोखरच गॅस जातो. या एका बोल्टसाठीसुद्धा संच घ्यावा असं माझं मत आहे.

आता तक्रारी. प्लेटच्या मागे शाफ्टवर शिम असतात, पातळ वॉशर. फट त्यांनीच ठरते, आणि संचात एकही शिम नाही! निदान 0.1, 0.2 आणि 0.3 चे तरी द्यायला हवे होते. माझ्या प्लेटखाली 0.5 आणि 0.2 असे दोन निघाले. जाडा काढला, पातळ ठेवला, फट 0.45 वर आली, म्हणून माझं भागलं. (प्लेट काढल्यावर तिच्या मधल्या भोकात आधी बोट फिरवून बघा. शिम तिथे तेलाने चिकटून राहतात आणि नकळत खाली पडतात.) फीलर गेजची पाती सरळ आहेत. कंप्रेसर अडचणीच्या जागी असतो, तिथे ती शिरत नाहीत. मी एक पातं कापून वाकवून घेतलं आणि फट तीन ठिकाणी मोजली, कारण एका बाजूला बरोबर आणि दुसरीकडे जास्त असं होऊ शकतं.

सर्क्लिप प्लायर मात्र टाकाऊ. त्याची टोकं जाड आणि मऊ आहेत. भावाच्या गाडीची पुली काढताना क्लिप सुटून थेट चष्म्यावर आदळली. चष्मा लावूनच काम करा, आणि प्लायर वेगळा घ्या. त्याच्या गाडीत एसी बंद असतानाही घरघर यायची, म्हणजे दोष पुलीच्या बेअरिंगचा. ही घरघर फक्त एसी लावल्यावर आली असती तर मी कंप्रेसरच्या आत संशय घेतला असता. जबड्यांच्या पुलरने पुली सरळ निघाली, कड कुठे चेपली नाही. सोबतच्या कागदावर क्लिपची उतरती कड बाहेरच्या बाजूला ठेवायची, एवढी गोष्टसुद्धा लिहिलेली नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा, हेही नाही.

दोन्ही कामांत गॅसची लाइन उघडावी लागली नाही, आणि प्लेटच्या कामात तर पट्टाही तसाच राहिला. क्लच कंप्रेसरच्या बाहेर असतो, त्याच्यासाठी आतलं काही सोडायचं कारण नाही. हे वर्कशॉपवाल्यांनी मला सांगायला हवं होतं.

प्लेट निळी-काळी पडली असेल, कॉइलचा जळका वास येत असेल किंवा ओहम शून्याजवळ अथवा अनंत दाखवत असेल, तर शिम काढून काही होणार नाही. क्लच बदलावा लागेल. काही नव्या गाड्यांच्या कंप्रेसरला असा क्लचच नसतो, इलेक्ट्रिक गाड्यांत तर पट्टाही नसतो. मागवण्याआधी बॉनेट उघडून पुढची प्लेट दिसते का ते बघा.

संचाला पाचपैकी साडेतीन. गेल्या रविवारी फट परत मोजली, 0.5 भरली. परवा दुपारी हॉस्पिटलमधून येताना बाबा म्हणाले, "जरा कमी कर गं, गारठलो." मी एका घराने कमी केला.