खाऱ्या पाण्याच्या टँकला ट्यूब की एलईडी?

घरातल्या रीफ टँकवर, म्हणजे समुद्री मासे आणि कोरल (प्रवाळ) ठेवायच्या काचेच्या टँकवर, दिवा कुठला लावावा हा प्रश्न. तीन फुटी टँक, त्यात मुख्यतः सॉफ्ट कोरल (दगडी सांगाडा नसलेले, मऊ), टँक हॉलमध्ये आणि मुक्काम नाशिकला: हे चार मुद्दे धरूनच पुढचं वाचावं. यातलं एक बदललं तर माझं उत्तरही थोडं सरकेल. माझ्याकडे आधी टी-फाइव्ह (बारीक फ्लुरोसंट) ट्यूब होत्या, आता एलईडी आहे. दोघांचंही मीठ खाल्लंय, त्यामुळे कुणाबद्दलच फार वाईट बोलवत नाही.

मेटल हॅलाइड हा तिसरा, प्रखर दिव्याचा प्रकार मात्र सुरुवातीलाच बाजूला काढतो. पाण्यातून तळाच्या वाळूवर हलणारी त्याची झळाळी सुंदर असते, वाद नाही. पण मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं की आपल्याकडे वीज क्षणभर जाते आणि लगेच येते. हॅलाइडचा दिवा पुरेसा गार झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही, त्यात दहा-पंधरा मिनिटं जातात. शिवाय त्याची उष्णता अशी की चिलर (टँकचं पाणी गार करणारं यंत्र) आलाच, चिलर ती उष्णता हॉलमध्ये सोडणार, मग हॉलला कूलर. असो.

टी-फाइव्हचं कौतुक आधी करतो. ट्यूब टँकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडव्या असतात, त्यामुळे उजेड पसरतो आणि दगडांच्या सावल्या सौम्य पडतात. माझ्या लेदर कोरलची खालची बाजू ट्यूबखाली जशी भरलेली असायची तशी ती आज एलईडीखाली नाही. निळ्या-पांढऱ्याची जोडी जमली की रंगही शांत वाटतो. एलईडीचा निळा जरा चढवला की हॉलला वरातीतल्या डीजेची कळा येते. पाहुणे खूश, घरचे नाराज.

मला नडलं ते ट्यूब बदलणं.

रीफची ट्यूब साधारण नऊ महिने ते वर्षभरात बदलायची असते. ती तोवर उडालेली नसते, लुकलुकतही नसते. आतल्या फॉस्फरचा (उजेड देणाऱ्या लेपाचा) जोर ओसरतो आणि कोरलला लागणारा उजेड हळूहळू घसरत जातो. आपल्या डोळ्यांना त्याचा पत्ता लागत नाही. म्हणजे लख्ख पेटणारी ट्यूब काढून नवी लावायची, आणि नेमकं तेव्हा घरातलं कुणीतरी मागे येऊन उभं राहणार. आमच्याकडे वडील असायचे. "अरे, चांगली पेटतेय की!" यावर काय बोलणार?

बरं, सगळ्या एकदम बदलूनही चालत नाही. मंदावलेल्या उजेडाला सरावलेल्या कोरलवर एकदम नवा उजेड पडला की ते आकसतात, रंग उडतो. म्हणून एक बदलायची, दोन-तीन आठवडे थांबायचं, मग दुसरी. चार ट्यूबच्या हूडवर (ट्यूब बसवायच्या झाकणावर) कुठली ना कुठली ट्यूब कायम मुदत संपत आलेली असते. मी प्रत्येकीच्या टोकाला चिकटपट्टी लावून महिना लिहायचो, तर खारट बाष्पाने ती शाईच पुसट व्हायची.

त्यात आपलं गाव. साध्या पांढऱ्या ट्यूब इथे मिळायच्या, झाडांच्या टँकवाल्याही मिळायच्या. रीफची निळी, तीही ३९ वॅटची, मला नाशिकमध्ये कधी हाती लागली नाही. कुरिअरने मागवावी तर तीन फुटांची काच. खोकं हलवल्यावर आत किणकिण झाली की उघडून बघायचीही गरज नसायची. शेवटी मुंबईला काम निघालं की क्रॉफर्ड मार्केटातून आणायचो. पीव्हीसीच्या पाइपात ट्यूब, दोन्ही तोंडांना कापडाचे बोळे, आणि तो पाइप गुडघ्यांमध्ये उभा धरून पंचवटी एक्स्प्रेसने कसारा घाट चढायचा. एका पासवाल्याने विचारलं, "मासे धरायचा गळ आहे का हो?" मी हो म्हणालो. खरं समजावत बसलो असतो तर नाशिकरोड आलं असतं.

काढलेल्या ट्यूबचा प्रश्न वेगळाच. आत पारा असतो, घंटागाडीत ओल्या-सुक्यासोबत द्यायला हात धजत नाही, म्हणून माळ्यावर मोळी साठलीय. युरोपीय संघाने तर या पाऱ्यापायीच ऑगस्ट २०२३ पासून सर्वसाधारण टी-फाइव्ह ट्यूब नव्याने बाजारात आणणं बंद केलं. म्हणजे पुढे माल मिळणं सोपं होईल असं मला तरी वाटत नाही.

एलईडीतही दोष आहेतच. सावल्या कडक पडतात हे वर आलंच. दुसरं म्हणजे दिव्याला गार ठेवणारा, त्याच्या आतला पंखा. खारी हवा आणि फोडणीची तेलकट वाफ बसून माझा पंखा घरघरायला लागला आणि टीव्हीच्या वेळेला सगळ्यांची तोंडं वाकडी. उघडून पाहिलं तर साधा बारा व्होल्टचा, कॉम्प्युटरला असतो तसला. एम. जी. रोडला मिळाला, घरीच बसवला. ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) गेला तरी एखादा दुरुस्तीवाला काहीतरी मार्ग काढू शकतो. संपलेल्या फॉस्फरला तो काय करणार?

उजेड किती हवा याबद्दल मात्र फार घाबरवलं जातं. पार म्हणजे कोरलला वापरता येणाऱ्या उजेडाचं माप. २५० ते ३५० पारचे जे आकडे ऐकू येतात ते बहुधा एसपीएससाठी, म्हणजे बारीक पॉलिपांच्या दगडी कोरलसाठी असतात. झोआ, मशरूम, लेदर या सॉफ्ट कोरलांचं शंभराच्या आसपासही छान चालतं. आणि दगडी कोरल आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कागदपत्रांची खात्री नसेल तर तो तुकडा घेऊ नये, आणि त्याच्यासाठीचा महागडा दिवा तर त्याहून घेऊ नये.

माझ्याकडे पार मीटर नाही. मोबाइलवरचं लक्स अ‍ॅप निळ्या उजेडात भरवशाचं नाही. मी झोआंकडे बघतो: माना लांबवून वर ताणले तर उजेड कमी पडतोय, मशरूम कडा मुडपून बसले तर जास्त होतोय. नवा एलईडी तीसेक टक्क्यांवर सुरू करून आठवड्या-आठवड्याने थोडा थोडा वाढवावा. निळा पुढे, पांढरा बेताचा, लाल जवळपास बंद. लाल-पांढरा वाढवला की माझ्या काचेवर शेवाळ धरतं. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

उन्हाळ्याचा फरक जाणवण्याइतका आहे. चार ट्यूब म्हणजे १५६ वॅट, पाण्याच्या अगदी डोक्यावर. एलईडीची बरीचशी उष्णता वर हीटसिंककडे (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाकडे) जाते. एप्रिल-मेमध्ये आपली हवा कोरडी, त्यामुळे पाण्यावर छोटा पंखा सोडला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. रोज आरओचं पाणी भरावं लागतं एवढंच. श्रावणातल्या दमट हवेत तोच पंखा नुसता फिरतो, पण तेव्हा बाहेरही उकाडा नसतो. एलईडी आल्यापासून माझं चिलरवाचून निभावलंय. हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीवर ऊन येत असेल तर तुमचं निभेलच असं नाही.

इन्व्हर्टरवर एलईडी चालतो हा मुद्दा दुकानदार हमखास काढतील. त्याला भुलू नका. वीज गेल्यावर बॅकअप वेव्हमेकरला (पाणी हलतं ठेवणाऱ्या पंपाला) द्यायचा. कोरल काही तास अंधारात सहज राहतात, पाणी थांबलं की मात्र मासे तोंड वर काढतात.

चार फुटी किंवा मोठा टँक असेल, मुंबईला नेहमी जाणं-येणं असेल आणि सावली अजिबात खपत नसेल, तर ट्यूबच घ्या, मी अडवणार नाही. दोन ट्यूब आणि मध्ये एलईडीची पट्टी हा मधला मार्गही उजेडाच्या दृष्टीने उत्तम आहे, फक्त त्यात ट्यूब आहेत. एलईडी घेणार असाल तर वरून टांगता येईल असा बघा. फूटभर उंच गेला की सावल्या थोड्या निवळतात आणि पंख्यात मीठही कमी जातं. आणि पैसे देण्याआधी मागचं झाकण स्क्रूचं आहे की चिकटवलेलं, ते पाहून घ्या.