प्रायमरीत मत कुणाला: विचाराने पक्का की निवडून येणारा?

अमेरिकेत नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीतलं मत सोपं असतं. पक्ष ठरलेला, बटण ठरलेलं. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या, रिपब्लिकन पक्षाकडे कल असलेल्या मराठी मतदाराची पंचाईत होते ती त्याआधी, प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत. आपल्याकडे एबी फॉर्म कुणाच्या हातात पडला हे अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी कळतं आणि ज्याला मिळाला नाही तो बंडखोरी करतो. तिथे तो फॉर्म मतदारानेच द्यायचा असतो, आणि समोर उभे असलेले सगळे एकाच पक्षाचे असतात. सगळे म्हणतात मी कॉन्झर्व्हेटिव्ह, सगळ्यांच्या पत्रकावर झेंडा, कुटुंब आणि कमी कर.

मग कशावरून ठरवायचं? पक्षाच्या तळातल्या कार्यकर्त्यांमध्ये यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, विचाराने सगळ्यात पक्का असेल त्यालाच मत द्या, पुढचं पुढे बघू. दुसरा म्हणतो, नोव्हेंबरात पडणार असेल तर त्याचा पक्केपणा काय चाटायचा? दोन्ही बाजूंकडे खरे दाखले आहेत. ते एकमेकांशेजारी ठेवून पाहू.

पक्क्या विचारवाल्यांचं गाऱ्हाणं

हे लोक डोक्यात राख घालून बसलेले आहेत असं वर्तमानपत्रांतून वाटतं, पण त्यांचं म्हणणं बरंच हिशेबी आहे. ‘निवडून येणारा’ म्हणून वर्षानुवर्षं ज्यांना पाठवलं, ते वॉशिंग्टनला जाऊन मतदान वेगळंच करतात. मग आमदारकी-खासदारकी पक्षाची की त्या माणसाची? अशांना तिथे ‘रायनो’ म्हणतात, म्हणजे नावापुरते रिपब्लिकन.

युटाहचे बॉब बेनेट १८ वर्षं सिनेटर होते. २००८ च्या आर्थिक संकटात बँकांना वाचवण्याच्या योजनेला त्यांनी मत दिलं, आणि ते कार्यकर्त्यांच्या डोक्यात बसलं. मे २०१० मध्ये सॉल्ट लेक सिटीत पक्षाच्या राज्य अधिवेशनात सुमारे साडेतीन हजार प्रतिनिधींनी त्यांना तिसऱ्या क्रमांकावर ढकललं. विद्यमान सिनेटर प्रायमरीपर्यंतसुद्धा पोचला नाही. त्यातून पुढे आले माइक ली, जे नोव्हेंबरात आरामात जिंकले. २०१४ मध्ये व्हर्जिनियात तर काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, कनिष्ठ सभागृहातले बहुमताचे नेते एरिक कँटर यांना डेव्ह ब्रॅट या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने प्रायमरीत पाडलं. कँटर यांच्याकडे पैशाचा डोंगर होता, ब्रॅट यांच्याकडे जवळपास काहीच नव्हतं. तेही नोव्हेंबरात निवडून आले.

फ्लोरिडाचं उदाहरण तर हे लोक हमखास देतात. २०१० च्या सिनेट जागेसाठी पक्षाच्या राष्ट्रीय सिनेट समितीने गव्हर्नर चार्ली क्रिस्ट यांना वर्षभर आधीच पाठिंबा देऊन टाकला होता, कारण ‘येणार तर हेच येणार’. कार्यकर्ते मार्को रुबिओंच्या मागे गेले. प्रायमरी हरणार हे दिसताच क्रिस्ट यांनी एप्रिलमध्ये पक्ष सोडला, अपक्ष उभे राहिले, आणि तिरंगी लढतीत रुबिओ जवळपास ४९ टक्के मतं घेऊन जिंकले. क्रिस्ट पुढे डेमोक्रॅट झाले. कार्यकर्ते म्हणतात, बघा, आम्ही ओळखलं होतं.

एक हिशेब ते आणखी मांडतात, आणि तो मला चोख वाटतो. कट्टर उमेदवार पडला की बोंब होते. सुरक्षित मानलेला पडला की कुणी चकार शब्द काढत नाही. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनात माजी गव्हर्नर टॉमी थॉम्पसन पडले, व्हर्जिनियात माजी सिनेटर जॉर्ज ॲलन पडले, माँटानात डेनी रेबर्ग पडले. यांतल्या एकालाही कुणी माथेफिरू म्हणालं नव्हतं.

दगडापेक्षा वीट मऊ म्हणणारे

दुसऱ्या बाजूचा आधारस्तंभ म्हणजे विल्यम बकली. आधुनिक अमेरिकन उजव्या विचाराचा हा मोठा संपादक साठच्या दशकात सांगून गेला की, जिंकू शकेल अशांपैकी जो सर्वांत उजवीकडचा असेल त्याला पाठिंबा द्या. यात दोन अटी आहेत, आणि भांडणात प्रत्येक जण आपल्याला सोयीची तेवढीच उचलतो. सप्टेंबर २०१० मध्ये उजवे भाष्यकार रश लिंबॉ यांनी रेडिओवरून याला उत्तर दिलं: लोक डाव्यांना वैतागलेले असतील त्या वर्षी प्रायमरीत सरळ सर्वांत उजव्याला मत द्या.

त्याच महिन्यात डेलावेअरचा निकाल लागला. माइक कॅसल हे माजी गव्हर्नर, नऊ वेळा काँग्रेसवर निवडून आलेले, डेमोक्रॅट राज्यातले लोकप्रिय रिपब्लिकन. पण २००९ मध्ये कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घालणाऱ्या विधेयकाला मत दिलेल्या आठ रिपब्लिकनांपैकी ते एक. समोर क्रिस्टीन ओडॉनेल. प्रायमरीत फक्त पक्षाचे नोंदणीकृत मतदार. एकूण मतं ५७-५८ हजार. साडेतीन हजारांच्या फरकाने कॅसल गेले. जुन्या टीव्ही कार्यक्रमात तरुणपणी चेटूक करून पाहिल्याचं ओडॉनेल बोलल्या होत्या, ती चित्रफीत बाहेर आली, आणि ‘मी चेटकीण नाही’ असं सांगणारी जाहिरात करायची वेळ त्यांच्यावर आली. नोव्हेंबरात डेमोक्रॅट ख्रिस कून्स सोळा-सतरा टक्क्यांनी जिंकले आणि त्या जागेवर ठाण मांडून बसले. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं.

‘अशांमुळे २०१० मध्ये सिनेट हातची गेली’ हे मात्र अर्धसत्य आहे. असे उमेदवार पडलेल्या डेलावेअर, नेवाडा आणि कोलोरॅडो या तिन्ही जागा आल्या असत्या तरी रिपब्लिकनांचे ४७ चे ५० झाले असते, आणि बरोबरी झाल्यावर निर्णायक मत उपाध्यक्ष बायडन यांचं होतं.

एकाच राज्यात, एकाच दिवशी

हे दाखले कितीही लांबवता येतील. पण निर्णयाला खरा उपयोगी पडतो तो जॉर्जियाचा २०२२ चा निकाल, कारण तिथे राज्य तेच, वर्ष तेच, मतदार तेच. गव्हर्नर ब्रायन केम्प यांच्यावर ट्रम्प यांचा राग होता. २०२० चा निकाल फिरवायला त्यांनी नकार दिला होता. ट्रम्प यांनी माजी सिनेटर डेव्हिड पर्ड्यू यांना उभं केलं. प्रायमरीत केम्प यांना ७० टक्क्यांहून जास्त मतं पडली. सिनेटसाठी मात्र ट्रम्प यांच्या पाठिंब्यावर फुटबॉलपटू हर्शल वॉकर सहज पुढे आले. नोव्हेंबरात केम्प साडेसात टक्क्यांनी जिंकले. त्याच मतपत्रिकेवर वॉकर यांना केम्प यांच्यापेक्षा दोन लाखांवर मतं कमी पडली आणि डिसेंबरच्या रनऑफमध्ये, म्हणजे दुसऱ्या फेरीत, ते हरले.

आता केम्प काही मवाळ नव्हेत. गर्भाचे ठोके ऐकू येऊ लागले की, म्हणजे साधारण सहाव्या आठवड्यानंतर, गर्भपातावर बंदी घालणारा कायदा त्यांनीच २०१९ मध्ये सही करून आणला. म्हणजे ज्या दोन लाख लोकांनी एकाला मत दिलं आणि दुसऱ्याला दिलं नाही, ते ‘जास्त उजवा’ आणि ‘कमी उजवा’ यांत निवड करत नव्हते. वॉकर यांच्या खासगी आयुष्याबद्दल रोज नवीन काही बाहेर येत होतं आणि त्यावर त्यांना धड उत्तर देता येत नव्हतं.

माझं मत इथेच ठरतं. उजवेपणाची फूटपट्टी लावून ‘हा येईल, तो पडेल’ असं सांगता येत नाही. रुबिओ, ली, केंटकीतले रँड पॉल, टेक्सासचे टेड क्रूझ हे सगळे त्या वेळी ‘फार टोकाचे’ होते आणि सगळे आले. अनुभवाचीही हमी नाही: मिझुरीचे टॉड एकिन सहा वेळा काँग्रेसवर निवडून आले होते, इंडियानाचे रिचर्ड मर्डॉक दोनदा राज्याचे खजिनदार. मर्डॉक यांनी तर २०१२ मध्ये ३६ वर्षं सिनेटर असलेले रिचर्ड लुगर यांना प्रायमरीत जवळपास ६० टक्के मतं घेऊन धूळ चारली. मग बलात्कार आणि गर्भधारणेबद्दल दोघेही एकेक वाक्य असं बोलून गेले की पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी ज्या राज्यांत दहा-एक टक्क्यांनी जिंकले, तिथेच हे पडले. विचार तोच असलेले अनेक जण निवडून येत होते. यांना तोंड सांभाळता आलं नाही.

म्हणून उमेदवाराची भाषणं ऐकण्यापेक्षा त्याच्या विरोधातल्या पत्रकाराने घेतलेली एक मुलाखत ऐका. आपल्या लोकांसमोर सगळेच वाघ असतात.

पैसा कुणाचा, तेही बघा

घरी येणाऱ्या पत्रकावर खाली बारीक अक्षरात खर्च कुणी केला ते लिहिलेलं असतं. ते वाचा. २०१२ मध्ये मिझुरीत एकिन ‘फारच कॉन्झर्व्हेटिव्ह’ आहेत अशा जाहिराती प्रायमरीच्या काळात झळकल्या. वरवर टीका, पण रिपब्लिकन कानाला ती शिफारसच. जाहिराती करणाऱ्या होत्या डेमोक्रॅट सिनेटर क्लेअर मॅकॅस्किल, आणि आपल्याला समोर एकिनच हवे होते हे त्यांनी नंतर उघड सांगितलं. २०२२ मध्ये हाच डाव मिशिगनमध्ये जॉन गिब्स यांच्यासाठी आणि पेनसिल्व्हेनियात डग मास्ट्रियानो यांच्यासाठी खेळला गेला. दोघांनी प्रायमरी जिंकली, दोघेही नोव्हेंबरात पडले. तुमचा आवडता उमेदवार समोरच्यालाही आवडत असेल तर थांबून विचार करायला हवा.

अधिवेशन बरं की प्रायमरी?

हा वाद कार्यकर्त्यांमध्ये उमेदवारापेक्षा जास्त तापतो. युटाहची पद्धत बघा. निवडणुकीच्या वर्षी एका संध्याकाळी शाळेच्या वर्गात शेजारपाजारचे रिपब्लिकन जमतात, कॉकस भरतो, आणि आपल्यातूनच प्रतिनिधी निवडतात. ते प्रतिनिधी उमेदवारांना भेटतात, प्रश्न विचारतात, अधिवेशनात मत देतात. कार्यकर्त्याला हे आवडतं, कारण इथे टीव्हीवरच्या जाहिरातीला किंमत नाही, माणसाला आहे. उलट बाजू अशी की ज्याला रात्रपाळी आहे किंवा घरी लहान मूल आहे त्याचा आवाज वर्गात पोचत नाही.

२०१४ च्या कायद्याने तिथे दुसरा रस्ता काढला: सह्या गोळा करून थेट प्रायमरीत उतरा, राज्यभराच्या पदासाठी २८ हजार सह्या. तेव्हापासून प्रतिनिधी आणि मतदार वेगवेगळ्या दिशांना जाताना दिसतात. २०१८ मध्ये अधिवेशनात मिट रॉम्नी माइक केनेडींच्या मागे पडले आणि प्रायमरीत ७० टक्क्यांवर मतांनी जिंकले. २०२४ मध्ये फिल लायमन यांना दोन-तृतीयांश प्रतिनिधींनी उचललं, पण प्रायमरी गव्हर्नर स्पेन्सर कॉक्स यांचीच झाली. सह्यांचा रस्ता बंद करा, अशी तिथल्या कार्यकर्त्यांची मागणी का आहे हे यावरून कळतं.

पण अधिवेशन म्हणजे कट्टर आणि पडेल, असंही समीकरण नाही. व्हर्जिनियात २०१३ च्या अधिवेशनाने लेफ्टनंट गव्हर्नरपदासाठी ई. डब्ल्यू. जॅक्सन यांना पुढे केलं आणि ते दहा टक्क्यांच्या आसपास फरकाने पडले. त्याच राज्याने २०२१ मध्ये पुन्हा अधिवेशनच भरवलं, फक्त एका सभागृहात नाही तर राज्यभर वेगवेगळ्या ठिकाणी, आणि पसंतीक्रमाने मतदान ठेवलं. ३० हजारांवर लोकांनी मत दिलं, ग्लेन यंगकिन निवडले गेले, आणि नोव्हेंबरात तिन्ही राज्यस्तरीय पदं पक्षाकडे आली. पसंतीक्रमात पहिला क्रमांक आपल्या लाडक्याला देऊन दुसरा-तिसरा क्रमांक चालेल अशाला देता येतो, त्यामुळे दोन्ही तटांचं भागतं. तरी अलास्कात २०२२ पासून आलेल्या पसंतीक्रमावर बरेच कॉन्झर्व्हेटिव्ह खार खाऊन आहेत. तिथे प्रायमरीच सर्व पक्षांची एकत्र झाली, हे त्यांचं खरं दुखणं.

खुल्या प्रायमरीवरचा, म्हणजे दुसऱ्या पक्षाचे लोकही मत देऊ शकतात अशा प्रायमरीवरचा, राग मिसिसिपीतून समजतो. जून २०१४ मध्ये क्रिस मॅकडॅनियल पहिल्या फेरीत निसटते पुढे होते, पण ५० टक्के झाले नाहीत. रनऑफमध्ये सिनेटर थॅड कॉक्रन यांच्या बाजूने डेमोक्रॅट, विशेषतः कृष्णवर्णीय मतदारांना बाहेर काढलं गेलं आणि कॉक्रन जिंकले. नियमात बसणारंच होतं, पण आपल्या घरचा निर्णय शेजाऱ्याने केला ही भावना गेली नाही. टेक्सासमध्ये पक्षाने २०२४ च्या अधिवेशनात प्रायमरी फक्त आपल्याच पक्षाच्या लोकांपुरती ठेवण्याचा नियम केला तो याच भावनेतून. राज्याच्या कायद्यात मात्र मतदाराची पक्षनोंदणीच नाही.

मग तुमच्या बाबतीत

मतदारसंघ पक्षाचा बालेकिल्ला असेल, नोव्हेंबरात रिपब्लिकनच येणार असेल, तर बिनधास्त विचाराने पक्का निवडा. तिथे प्रायमरी हीच निवडणूक. ‘हाच येईल’ म्हणून पोकळ माणूस गळ्यात मारून घेण्याचं काही कारण नाही.

जागा काठावरची असेल तर मी पक्केपणावर दुसऱ्या नंबरच्याला मत देईन, पण एकाच अटीवर: त्याने आधी एखादी अवघड लढत जिंकलेली असावी. नुसतं ‘मवाळ आहे म्हणून येईल’ हे कारण मला पुरत नाही. थॉम्पसन आणि ॲलन यांचं काय झालं ते वर आलंच आहे.

डेलावेअरसारख्या डेमोक्रॅट राज्यात कॅसल यांच्यासारखा माणूस मिळाला तर बकलींचं ऐका. दहांतली सहा मतं आपल्या बाजूने टाकणारा सिनेटर, दहाही विरुद्ध टाकणाऱ्यापेक्षा बरा. हे ज्यांना पटत नाही त्यांनी निदान पराभव गृहीत धरून मत द्यावं.

शेवटी कामाच्या दोन गोष्टी. फ्लोरिडात प्रायमरीला पक्षनोंदणी लागते आणि ती निवडणुकीच्या २९ दिवस आधी झालेली असावी लागते; आदल्या आठवड्यात जाग आली तर उपयोग नाही. टेक्सासमध्ये पक्षनोंदणी नाही, केंद्रावरच विचारतात, कुठल्या पक्षाची मतपत्रिका देऊ? पहिल्या फेरीत एका पक्षाची घेतली की रनऑफमध्ये दुसऱ्याची मिळत नाही. आणि रनऑफ चुकवू नका. २०१२ मध्ये टेड क्रूझ पहिल्या फेरीत डेव्हिड ड्यूहर्स्ट यांच्या दहा टक्के मागे होते. मतं १४ लाखांवर पडली होती. जुलैअखेरच्या उन्हात रनऑफ झाली, मतं ११ लाखांवर आली, आणि क्रूझ १३ टक्क्यांहून जास्त फरकाने जिंकले.