लाकडाचं धनुष्य बनवायला फळी हवीये? द्वारकाजवळची ही वखार, ४ स्टार

दार-खिडक्या, चौकटी, सोफ्याच्या फ्रेम करणाऱ्यांनी हा रिव्ह्यू सोडून द्या, तुमच्यासाठी बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय. हा त्यांच्यासाठी आहे ज्यांना घरच्या घरी लाकडाचं धनुष्य बनवायचंय, पहिल्यांदाच बनवायचंय, आणि नाशकात लाकूड नक्की आणायचं कुठून इथेच गाडी अडलीये.

इथे फळ्या स्वतः उपसून बघू देतात. चारपैकी तीन स्टार तर त्याचेच आहेत.

कारण सांगते. टेबलाला फळी घेताना रंग बघतात, गाठ दिसली तर ती खालच्या बाजूला टाकतात, झालं काम. धनुष्यात पुढची बाजू, म्हणजे जिला पाठ म्हणतात ती, दरवेळी ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू म्हणजे पोट दाबलं जातं. पाठीवरची लाकडाच्या धाग्यांची एखादी रेषा मधेच तिरकी होऊन कडेला बाहेर पडत असेल तर लाकूड तिथूनच उकलतं आणि मग कितीही छान तासलेलं असू दे, काडकन् आवाज येतो आणि विषय संपतो. म्हणून फळी घेताना रुंद बाजूवर आणि दोन्ही कडांवर रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पळतायत का ते बघायचं. गाठ नको, निदान मोठी तर नकोच. अशी फळी पन्नासात एखादी निघते, तीही निघाली तर. आणि बहुतेक दुकानात काउंटरवर बसूनच "किती हवं बोला" म्हणतात आणि वरची असेल ती काढून देतात, तसं करून चालत नाही हो!

शेठनी आधी विचारलं, ताई देव्हारा करायचाय का चौरंग? धनुष्य म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यासमोर ते टोकांना चाकं असलेलं कंपाउंड धनुष्य आलं. त्यांचाही दोष नाही, २०२३ मधे बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे दोघंही वर्ल्ड चॅम्पियन झाले तेव्हापासून आपल्याकडे धनुष्य म्हटलं की सगळ्यांना कंपाउंडच आठवतं. मी म्हटलं तसं नाही, साधं, तीरकामठ्यासारखं, फक्त फळीतून. मग त्यांनी मागच्या शेडमधल्या मामांना हाक मारली, आणि खरा रिव्ह्यू या मामांचा आहे.

मामांनी काय केलं, ऍश या परदेशी लाकडाच्या थप्पीतून फळी ओढली, पाण्याच्या बाटलीतून अंगठा ओला केला आणि फळीच्या कडेवरून लांब ओढत नेला. ओलं झाल्याबरोबर रेषा अशा उठून दिसल्या की चष्मा नसलेल्यालाही कळावं. कडेला रेषा जिथे बाहेर पडत होती तिथे नखाने खूण केली, "हे उकलेल" म्हणाले आणि फळी बाजूला. धनुष्य त्यांनी आयुष्यात केलेलं नाही, पण कुऱ्हाडीचे-कुदळीचे दांडे केलेत, आणि दांड्याचं गणित तेच असतं. बोलता बोलता म्हणाले धामण मिळाली असती तर बघायलाच नको होतं, चिवट लाकूड, आधी दांड्यांना नि बैलगाडीच्या कामाला तेच घ्यायचे. वखारीत धामण काही नसते, ते सोडून द्या.

लाकूड कोणतं घ्यायचं यावर माझं मत थोडक्यात. सागवान नको, तो टिकतो, वाळवी लागत नाही, चौकटीला राजा आहे, पण धनुष्याला जो चिवटपणा लागतो तो त्यात कमी. इथे मिळणाऱ्यात बाहेरून येणारा ऍश सगळ्यात बरा. बीचही चालेल म्हणतात पण मी केलेलं नाही. एकाच मापाच्या दोन फळ्यांपैकी जड असेल ती घ्या, मात्र ती पाण्यामुळे जड नाही ना ते बघा, त्यावर पुढे येते. बांबू इथे मिळत नाही, बांबूवाले वेगळे. बांबूची मजा ही की त्याचे सगळ्यात दाट धागे बाहेरच्या सालीलगत असतात, आणि भिल्लांच्या कामठ्याला तर दोरीसुद्धा बांबूच्याच कांबीची असते. पण तो सगळा वेगळा हात आहे, फळीतून शिकणाऱ्याने आधी फळीच धरावी.

आता माप. मी सहा फूट लांब, दोन इंच रुंद आणि एक इंच जाड पट्टी काढून घेतली. हिशोब केलात तर हा घनफुटाचा बरोब्बर बारावा हिस्सा होतो, म्हणजे वखारीच्या दृष्टीने गिऱ्हाईक नसल्यातच जमा. तरी कुरकुर न करता दिलं, मुठीला चिकटवायला एक तुकडा तसाच दिला. चिराई वेगळी लावतात, ते आधीच विचारून घ्या, बिलात शेवटी येतं. आणि चिरताना आवर्जून सांगा की करवत फळीच्या कडेला समांतर नको, रेषेला समांतर चालवा. मामांना एकदा सांगून पुरलं. मशीनवर दुसरा कोणी असेल तर पेन्सिलने रेघ मारून द्या आणि तिथेच उभे राहा.

एक स्टार कापला तो सुकलेल्या लाकडावरून. काउंटरवर ठणकावून सांगितलं "एकदम ड्राय माल आहे ताई", आणि थप्पी अर्धी पत्र्याखाली, अर्धी उघड्यावर! घरी आणून किचनच्या काट्यावर पट्टी ठेवली आणि वजन पट्टीवरच पेन्सिलने लिहून ठेवलं. दर आठवड्याला वजन उतरत गेलं, म्हणजे पाणी होतंच ना आत. ओलं लाकूड तासायला लोण्यासारखं जातं पण वाकवलं की वाकडंच राहतं, दोरी काढली तरी सरळ होत नाही, याला सेट म्हणतात आणि तो बाणाचा वेग खातो. वजन उतरायचं थांबलं की मगच पुढचं काम. आपल्याकडे एप्रिल-मे त्याला उत्तम. जुलैत हे उद्योग करूच नका, बाहेर कपडे वाळत नाहीत तिथे फळी काय वाळणार.

मग टिलरिंग, म्हणजे थोडं थोडं लाकूड काढत धनुष्य दोन्हीकडे सारखं वाकेल असं करणं. खरं धनुष्य इथेच बनतं, आधीचं सगळं नुसतं सुतारकाम. लाकूड फक्त पोटाकडून काढायचं, पाठीला हत्यार लावायचं नाही, तिच्या कडा तेवढ्या पॉलिश पेपरने गोल करायच्या. आणि हात आवरायचा, कारण रुंदी कमी केली तर ताकद त्याच प्रमाणात उतरते पण जाडीचं तसं नसतं, जाडी १० टक्के कमी केली की ताकद साधारण २७ टक्के जाते. म्हणून रंधा सुरुवातीलाच, नंतर कानस, आणि शेवटी शेवटी नुसता स्क्रेपर किंवा काचेचा तुकडा, पापुद्रा पापुद्रा काढत.

सुरुवातीला टोक जमिनीला टेकवून नुसतं दाबून बघायचं, दोन्ही लिम्ब, म्हणजे मुठीच्या वरचा नि खालचा हात, सारखे वाकतायत का. मग खाचा करून ढिली लांब दोरी लावायची, भिंतीवर मूठ टेकवायला खुंटी, खाली एक कप्पी, आणि मधे तो रद्दीवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा. दोरी ओढत लांब उभं राहून बघायचं. जवळून काही कळत नाही, मी तर मोबाईलवर फोटो काढून डावी बाजू उलटी करून उजवीवर ठेवून बघायचे. जेवढ्या पौंडाचं धनुष्य हवंय, म्हणजे पूर्ण ओढायला जेवढा जोर लागायला हवा, त्याच्या पुढे काटा कधीच न्यायचा नाही. माझं ३५ पौंडाचं ठरलं होतं, तर दोरी अजून कितीही कमी ओढली गेलेली असू दे, ३५ आले की थांबायचं, लाकूड काढायचं आणि परत. आणि दरवेळी काढल्यानंतर वीस-तीस वेळा हलकं ओढून सोडायचं (हळू, हातात धरून, रिकामी दोरी फट्कन सोडाल तर लाकूड जाईल), कारण लाकडाला झालेला बदल लगेच दिसत नाही, ते जरा उशिरा सांगतं.

खालच्या लिम्बला मुठीपासून वीतभर अंतरावर एक जागा बाकीपेक्षा जास्त वाकत होती, यालाच हिंज म्हणतात. मन म्हणतं तिथेच काहीतरी करावं, पण तिथे काढण्यासारखं काही नसतंच, ती जागा आधीच पातळ असते. तिच्यावर पेन्सिलने फुली मारायची, हात लावायचा नाही, आणि तिच्या दोन्ही बाजूंचं, जे ताठ राहिलंय ते हळूहळू उतरवत आणायचं. याला फार वेळ लागतो. टीव्ही लावून करू नका.

मामांनी निवडलेल्या पट्टीने हे सगळं सहन केलं. पाठीवर एक कुस उठली नाही, २८ इंच ओढता येतं, दोरी काढल्यावर सेट बोटभरही नाही. दोरी डॅक्रॉनची (एक पॉलिएस्टर धागा) ऑनलाइन घेतली, नायलॉन ताणतं म्हणून नको. ओढून बघताना डोळ्याला चष्मा लावा, तुटलेला तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही.

बाकी जुजबी. दुपारी जेवायच्या वेळेला मामा नसतात, सकाळी जा. लग्नसराईत शेठना बोलायला वेळ नसतो, फर्निचरवाल्यांची रांग असते. पार्किंग नाहीच. आणि सहा फुटी पट्टी ऍक्टिव्हावर आडवी धरून द्वारका सर्कल पार करायचं धाडस करू नका, मागे बसायला कोणीतरी आणा किंवा सरळ रिक्षा करा, रिक्षावाले नेतात, थोडे जास्त मागतात.