जीएनयू मेक ४.४ : सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

सी भाषेतल्या एका मध्यम आकाराच्या प्रकल्पाचं बिल्ड, म्हणजे सोर्स फायलींपासून प्रोग्राम तयार करायचं काम, आम्ही शेल स्क्रिप्टवरून मेक या बिल्डच्या साधनावर आणलं, त्याला आता सात-आठ महिने होतील. स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये १९७६ साली मेक लिहिलं तेव्हापासून त्यात पुष्कळ भर पडली, पण गाभा तोच आहे. टार्गेट, म्हणजे बनवायची फाइल, कोणत्या फायलींवर अवलंबून आहे (तिच्या डिपेंडन्सी) ते मेकफाइल या नियमांच्या फाइलमध्ये सांगायचं. त्यातली एखादी फाइल टार्गेटपेक्षा नवी असली की रेसिपी, म्हणजे टार्गेट बनवायच्या कमांड, चालते. फायलीत काय लिहिलंय याच्याशी मेकला देणंघेणं नाही, ते फक्त फाइल शेवटची बदलल्याची वेळ बघतं. त्यामुळे डिपेंडन्सी जितकी खरी, तितकाच बिल्डवर भरवसा.

हेडरच्या, म्हणजे अनेक सी फायली आत घेतात त्या सामाईक फायलींच्या, बाबतीत सगळ्यात जास्त सुख मिळालं. कोणती फाइल कोणतं हेडर घेते याची यादी हाताने ठेवली तर बघता बघता शिळी होते. जीसीसी या कंपायलरला ‘हायफन एमएमडी’ दिलं की कंपाइल करतानाच तो प्रत्येक ऑब्जेक्टसाठी, म्हणजे कंपाइल होऊन बनणाऱ्या फाइलसाठी, ही यादी असलेली एक ‘डॉट डी’ फाइल लिहितो. त्या सगळ्या मेकफाइलच्या शेवटी इन्क्लूड करायच्या. इन्क्लूडच्या आधी हायफन लावायचा, म्हणजे पहिल्या बिल्डला त्या नसल्या तरी मेक तक्रार करत नाही. सोबत ‘हायफन एमपी’ हवंच. नाहीतर कुणी एखादं हेडर काढून टाकलं की जुन्या डॉट डी फाइलमध्ये त्याचं नाव तसंच राहतं आणि हे बनवायचा नियमच नाही म्हणून बिल्ड थांबतं.

खरी कसोटी लागते समांतर बिल्डला. एकेक काम करताना मेक डिपेंडन्सी डावीकडून उजवीकडे घेतं, म्हणून एखादी लिहायची राहिली तरी निभावून जातं. एका वेळी अनेक कामं चालवणारं ‘हायफन जे’ दिलं की तेच बिल्ड कधी पास, कधी फेल. २०२२ च्या ४.४ आवृत्तीत आलेला ‘शफल’ पर्याय यासाठी मला फार मोलाचा वाटतो. तो डिपेंडन्सींचा क्रम मुद्दाम पिसतो, आणि बिल्ड कोसळलं तर तो क्रम कोणत्या आकड्यावरून पिसला होता ते एररसोबत छापतो. तोच आकडा परत दिला की तोच क्रम परत मिळतो. ‘शफल’ला ‘रिव्हर्स’ सांगितलं तर सरळ उलटा क्रम.

आमच्याकडे आवृत्ती क्रमांकाचं हेडर एक छोटी स्क्रिप्ट तयार करते. प्रोग्रामच्या डिपेंडन्सींत ते ऑब्जेक्टच्या आधी लिहिलेलं होतं, पण ते वापरणाऱ्या ऑब्जेक्टच्या नियमात त्याचा उल्लेखच नव्हता. रिव्हर्स लावताच हेडर सापडेना. डॉट डी फायलींचा इथे उपयोग नाही, कारण कोऱ्या बिल्डमध्ये त्या अजून जन्मलेल्याच नसतात. तयार होणारं हेडर नियमात स्वतः लिहावं लागतं. सीआयमध्ये (आपोआप बिल्ड आणि चाचण्या चालवणाऱ्या व्यवस्थेत) रोज रात्री शफल लावून कोरं बिल्ड चालवायला लागल्यापासून समांतर बिल्डची धास्ती संपली.

बाकी रोजच्या उपयोगाचं थोडक्यात. आउटपुटची डिरेक्टरी साधी डिपेंडन्सी म्हणून लिहू नका. आत नवी फाइल पडली की डिरेक्टरीची वेळ बदलते आणि नको तेवढं परत कंपाइल होतं. उभ्या रेघेनंतर लिहा, म्हणजे ती आधी तयार होईल पण तिची वेळ बघितली जाणार नाही. ‘क्लीन’, ‘टेस्ट’ असली, स्वतः फाइल न बनवणारी टार्गेटं ‘डॉट फोनी’मध्ये घाला, पण खऱ्या फाइलला फोनी टार्गेटवर टांगू नका, ती दर वेळी नव्याने बनेल. ‘डॉट डिलीट ऑन एरर’ तर प्रत्येक मेकफाइलमध्ये असावं, कारण रेसिपी मध्येच फसली की अर्धवट फाइल मागे राहते आणि पुढच्या वेळी मेक तिला तयार समजतं.

नाराजीही आहे. कंपायलरला द्यायचे पर्याय, म्हणजे फ्लॅग, बदलले तर मेकला पत्ताच लागत नाही. निन्जा (असंच दुसरं बिल्ड साधन) दर टार्गेटच्या कमांडची नोंद ठेवतो आणि कमांड बदलली की ते परत बनवतो. मेकमध्ये फ्लॅग एका फाइलीत लिहायचे, बदल असेल तरच ती फाइल बदलायची आणि सगळ्या ऑब्जेक्टना तिच्यावर अवलंबून ठेवायचं, एवढा खटाटोप करावा लागतो. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये ब्रँच बदलून परत आलं तरी बदललेल्या फायलींची वेळ नवी होते आणि मजकूर जसाच्या तसा असूनही त्या परत कंपाइल होतात. तिथे आधीच्या कंपाइलचे निकाल जपून ठेवणारं सीकॅश लावल्यावर बराच वेळ वाचला.

बायसन हा व्याकरणावरून पार्सरचा कोड तयार करणारा प्रोग्राम एकाच वेळी सी फाइल आणि हेडर बनवतो. साध्या नियमात दोन्ही नावं लिहिली तर मेक त्यांना दोन वेगळी टार्गेटं समजतं, आणि समांतर बिल्डमध्ये बायसन दोनदा चालू शकतो. ४.३ पासून कोलनच्या आधी अँपरसँड लावला की दोन्ही मिळून एकच काम धरलं जातं. जुन्या मेकला ही खूण कळत नाही, आणि मॅकवर ॲपलकडून येणारं मेक अजून ३.८१ आहे. म्हणून आमच्या मेकफाइलच्या सुरुवातीलाच, मेकमधल्या सोयींची यादी असलेल्या ‘डॉट फीचर्स’मध्ये ‘ग्रुप्ड टार्गेट’ आहे का ते तपासतो आणि नसेल तर तिथेच एरर देऊन थांबतो.