शुगरवाल्यांच्या हिरड्या: साधं स्केलिंग, डीप क्लीनिंग की फ्लॅप?

चूळ भरली की बेसिनमध्ये गुलाबी पाणी, आणि टेबलावर एचबीएवनसी (सरासरी शुगरची रक्तचाचणी) 8.4 चा रिपोर्ट. बाबांचं असं झालं तेव्हा 'स्केलिंगने दात हलतात' इथपासून घरात चर्चा सुरू झाली. दात हलतात ते हाड झिजल्यामुळे. कीटण निघालं की ते फक्त कळतं.

हिरडी नुसती सुजली असेल तर साधं स्केलिंग पुरे. एका बैठकीत उरकतं, बहुधा भूलही लागत नाही. पण डॉक्टर खुणांची सळई हिरडीत घालून "पाच, सहा, पाच" असे आकडे सांगू लागले की पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडीमधल्या खोल फटी, झालेत समजा. 3 मिलिमीटरपर्यंत ठीक. त्याहून खोल गेलेलं कीटण साध्या स्केलिंगला सापडत नाही आणि तिथली सूज इन्शुलिनच्या कामात खोडा घालत राहते.

नेमकी हीच तुलना लंडनमध्ये 264 मधुमेहींवर झाली. निम्म्यांना वरवरची सफाई, निम्म्यांना हिरडीखाली खोलवर सफाई (डीप क्लीनिंग), गरज पडली तर शस्त्रक्रिया आणि दर तीन महिन्यांनी देखभाल. वर्षाअखेर दुसऱ्या गटाचं एचबीएवनसी 0.6 ने कमी भरलं (निष्कर्ष 2018 चे). उलट 2013 मध्ये अमेरिकेतल्या 514 जणांच्या चाचणीत सहा महिन्यांनी काहीच फरक दिसला नव्हता. तिथे हिरड्याच पुरेशा बऱ्या झाल्या नव्हत्या, हा त्यावरचा आक्षेप मला पटतो. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2022 च्या कॉक्रेन आढाव्यात तीन-चार महिन्यांनी सरासरी 0.43 ची घट आहे. म्हणजे 8.4 चं 8 च्या आसपास. गोळ्या बंद होतील या आशेने जाऊ नका.

म्हणून पॉकेट असतील तर आधी डीप क्लीनिंग. फ्लॅप सर्जरीचा (हिरडी उघडून आतून साफ करण्याचा) निर्णय दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजल्यावर. त्याच सुमारास एचबीएवनसीही करा, कारण ते साधारण तीन महिन्यांचंच चित्र दाखवतं. पहिल्याच भेटीत फ्लॅपचं पॅकेज गळ्यात मारलं तर मी तरी दुसरा डॉक्टर गाठेन. माउथवॉश पॉकेटच्या तळापर्यंत पोचत नाही, आणि अँटिबायोटिक निव्वळ शुगरसाठी मागू नये.

एक चूक आमची. पहिल्या बैठकीला बाबा इन्शुलिन घेऊन, 'आल्यावर खाऊ' म्हणून निघाले. परतले तेव्हा अर्धं तोंड बधिर, घास चावता येईना, आणि दरदरून घाम. शुगर उतरली होती. चमचाभर साखर पाण्यात ढवळून दिली. दुसऱ्या खेपेला पोहे खाऊनच निघाले.